गव्हाणीला गव्हाणच म्हणा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांना काय वाचून दाखवावं, या विषयावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. पंचतंत्र, इसापनीती, अकबर-बिरबल, रामायण-महाभारतातल्या गोष्टी असं सगळं त्यात होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना मीही याच गोष्टी सांगितल्या, त्यामुळे लेख मनापासून आवडला. पण झोपताना बायबलमधल्या नोहा, योना, रूथ आणि दावीद यांच्या गोष्टी ऐकणारी मराठी घरंही या महाराष्ट्रात आहेत, आणि त्या घरांतल्या आईबापांना सध्या पुस्तक निवडताना फार अडचण येते. त्याबद्दल लिहावं म्हणून हे पत्र.

गेल्या नाताळच्या आधीची गोष्ट सांगते. नातू तेव्हा सव्वाचार वर्षांचा होता. मुलगा-सून पुण्यात नोकरीला असतात, त्यामुळे वर्षातले सात-आठ महिने मी त्यांच्याकडे असते. सुनेने हौसेने बायबलमधल्या गोष्टींचं एक मराठी पुस्तक मागवलं. जाड पुठ्ठा, चकचकीत पानं, किंमत साडेपाचशे रुपये. जेवणं झाल्यावर नातू मांडीवर येऊन बसला आणि आम्ही येशूच्या जन्माचं पान उघडलं. मी वाचलं, ‘मरियेने बाळाला कापडाच्या पट्ट्यांमध्ये लपेटले आणि जनावरांच्या खाद्यपेटीत ठेवले.’

नातवाने माझं मनगट धरलं. ‘आजी, पेटीला झाकण होतं?’

‘नसेल रे.’

‘मग बाळ गुदमरलं नाही ना?’

त्याने पाहिलेली पेटी एकच. माझी, पत्र्याची, कुलूप लावलेली, कपाटावर ठेवलेली. तिच्यात बाळ घातलेलं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी पुस्तक मिटलं आणि उशाजवळचं माझं बायबल काढून लूकचा दुसरा अध्याय उघडला. तिथे लिहिलंय, ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले.’ बाळंतं म्हणजे आपलं बाळोतं. ते त्याला नीट ठाऊक होतं, कारण आत्या बाळंतपणाला आलेली होती आणि गॅलरीतल्या दोरीवर रोज बाळोती वाळत होती. राहिली गव्हाण.

ती त्याला नाताळच्या सुट्टीत दाखवली, नेवासा तालुक्यात माझ्या भावाच्या वस्तीवर. सिमेंटची गव्हाण, जनावरांच्या माना घासून घासून कड गुळगुळीत झालेली. तळाशी कडब्याची कुट्टी होती आणि कोपऱ्यात थोडी पेंड सांडली होती. नातवाने हात आत घातला. म्हशीने फुस्सकन श्वास सोडला तसा त्याने हात मागे घेतला, थोडं थांबून परत घातला. कुट्टी मुठीत धरून म्हणाला, ‘टोचतंय.’ मग बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘बाळाला टोचलं असेल.’ मी म्हटलं, ‘म्हणून तर आईने आधी बाळोत्यात गुंडाळलं.’ त्याने मान हलवली. येशूचा जन्म त्याला त्या दिवशी समजला, असं मी मानते.

पुस्तक करणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण इंग्रजी बालपुस्तक पुढे ठेवून त्यातल्या एकेका शब्दाला मराठी शब्द लावताना मराठी बायबल उघडून पाहायचं राहून जातं. तिथे तर मुलाच्या हाताशी येणारे शब्द तयारच आहेत. रूथ सरवा वेचायला जाते. या पुस्तकात काय होतं, तर ‘रूथ शेतातील उरलेले धान्य गोळा करत असे.’ सरवा हा शब्द गेला की त्याच्याबरोबर किती गेलं पाहा. पीक काढल्यावर रानात मागे राहिलेली कणसं म्हणजे सरवा. तो गोरगरिबांनी वेचायचा आणि मालकाने त्यांना हटकायचं नाही, असं मोशेच्या नियमशास्त्रातही लिहिलेलं आहे. त्या शेताचा मालक बवाज तर आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम खाली टाका. परक्या देशातून आलेली ती विधवा बाई आहे, तिला मागायला लागू नये. माझी आई ज्वारी निघाल्यावर लोकांच्या रानात सरवा वेचायला जायची आणि मी तिच्या मागे मागे असायची. संध्याकाळी ओटीत पायलीभर कणसं जमली तर त्या दिवशी आमच्या घरात आनंद असे. रूथची गोष्ट मला कुणी समजावून द्यावी लागली नाही.

तसाच दावीद. या पुस्तकातल्या चित्रात त्याच्या हातात बेचकी दिली आहे, दुबेळक्याची आणि रबर ताणलेली. त्या काळी रबर कुठलं असायला? दावीदाकडे होती गोफण. ओढ्यातून त्याने पाच गुळगुळीत गोटे निवडून घेतले, असं शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात आहे. भावाने नातवाला गोफण दाखवली. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायला तो अजून ती वापरतो. मधल्या पदरात गोटा बसवायचा, दोन्ही दोऱ्या मुठीत धरून डोक्यावरून गरगर फिरवायची आणि एक दोरी सोडायची. गोटा सुटताना जो आवाज होतो तो ऐकून नातू दोन पावलं मागे सरला. एवढा राक्षसासारखा गल्याथ एका गोट्याने कसा पडला, हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

जक्कय येशूला बघायला चढतो ते झाड मराठी बायबलात उंबर आहे. पॅलेस्टाइनचं ते झाड आपल्या उंबराच्या कुळातलंच, त्यामुळे भाषांतर किती जाणतेपणाने केलं आहे ते कळतं. नव्या पुस्तकात ‘सिकामोर वृक्ष’ असं छापलं होतं आणि चित्र सुरूच्या झाडासारखं काहीतरी होतं. सुरूवर बुटका माणूस चढून बसेल कुठे?

हे शब्द सहज आलेले नाहीत. 1616 साली गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ते ओवीत. जन्माने इंग्रज असलेल्या त्या पाद्र्याने मराठीला फुलांमधली मोगरी म्हटलं. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत त्यांनी सगळं बायबल आणलं. ते काम होता होता 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातल्या बायकांनी, मुलींनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. आमच्या नगर-राहुरीकडचे रेव्हरंड टिळक तर आपल्या सगळ्या वाचकांना शाळेपासून माहीत आहेत, ‘केवढे हे क्रौर्य’ त्यांचीच कविता. त्यांची भजनं आम्ही दर रविवारी म्हणतो, ती अभंगाच्या चालीत आहेत. लहानपणी मी देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अंगणात ख्रिस्ती कीर्तनं ऐकली. बुवा उभे राहून दावीद-गल्याथाचं आख्यान लावायचे आणि मांडीवरची पोरंसुद्धा झोपायची नाहीत. एवढं भांडार पाठीशी असताना आमच्या पोरांच्या हाती ‘खाद्यपेटी’ पडावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी दुकानात गेले की पुस्तक हातात घेऊन एक पान मोठ्याने वाचते, तिथेच, उभ्या उभ्या. लोक बघतात, बघू देत. जीभ जिथे अडखळते तिथे पोराचा कान अडखळणार. मग ज्या गोष्टी मला तोंडपाठ आहेत त्यांतली एखादी काढून तपासते. एदेन बागेतल्या फळाचं नाव बायबलात दिलेलंच नाही, पण बहुतेक पुस्तकांत सफरचंद असतं. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीनच होते असंही कुठे लिहिलेलं नाही, आणि मत्तयात ते बाळाला भेटतात ते घरात. एवढ्यावरून मी पुस्तक टाकून देत नाही, पण घरी वाचताना नातवाला सांगते. चार वर्षांच्या पोराला हे कळतं. उलट पुस्तकात एक आणि बायबलात एक असं दिसलं की तो जास्त कान देऊन ऐकतो.

शेवटी चौकटीत ‘शिकवण’ छापलेली असेल तर मात्र मी ते पान तळहाताने झाकते. हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीखाली मी स्वतः वाचलंय, ‘शिकवण: आईवडिलांचे ऐकावे, एकटे भटकू नये.’ शंभरातलं एक चुकलं म्हणून नव्व्याण्णव रानात ठेवून जो शोधत निघाला, त्याची ती गोष्ट आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायात मेंढराला एक शब्दही बोल लावलेला नाही. सापडल्यावर तो त्याला खांद्यावर घेतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. गोष्ट आहे आनंदाची, आणि चौकटीत दटावणी! एवढ्याशा पोराला का म्हणून?

ही गोष्ट आम्ही चिंचोक्यांवर करतो. सतरंजीवर शंभर चिंचोके मांडायचे, तो डोळे मिटतो आणि मी एक लपवते. मग तो मोजायला बसतो. पन्नासच्या पुढे चुकतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. नव्व्याण्णव झाले की उठतो आणि घरभर शोधतो, गादीखाली, चपलांच्या कपाटात, माझ्या पदराच्या गाठीत. एकदा सुनेने सहज म्हटलं, ‘राहू दे ना आता, एकच तर आहे, झोपायला चल.’ तो तिच्याकडे असा बघत राहिला की तिने उठून त्याच्याबरोबर शोधायला सुरुवात केली. आमच्याकडे दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं येतात, खतासाठी रानात बसवतात. नातवाने कळपाच्या मागून खांद्यावर कोकरू घेऊन चालणारा धनगर बघितलेला आहे. पुस्तकातल्या चित्रात मात्र हिरव्यागार गवतावर कापसासारखी पांढरी मेंढरं असतात.

चित्रांचंच सांगायचं तर, अजून कितीतरी पुस्तकांत येशूचे केस सोनेरी आणि डोळे निळे असतात. तो उन्हातान्हात पायी फिरलेला, सुताराच्या घरात वाढलेला यहुदी माणूस होता. पक्षघात झालेल्या माणसाला चौघे जण छप्पर उकरून खाली सोडतात, त्या चित्रात कौलारू उतरतं छप्पर दाखवलं होतं. नातवाने विचारलं, ‘ते घसरत नाहीत का?’ गालीलातली ती घरं आपल्या धाब्याच्या घरांसारखी होती. तुळया, त्यावर फांद्या-पाला, वर मातीचा थर, चढायला बाहेरून जिना. माझ्या माहेरचं घर असंच होतं. पावसाळ्याआधी वडील वर चढून माती चोपायचे आणि खाली आमच्या ताटात माती पडायची. मार्काने लिहिलेलं ते घर मला त्या ताटातल्या मातीमुळे दिसतं. आपल्याकडे गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका होऊन गेले. पुण्यात राहून त्यांनी मरियेला साडी नेसवली आणि तिला आपल्या मातीत बसवलं. 1967 साली ते गेले. आज एखादा तरुण मराठी चित्रकार मुलांसाठी असं पुस्तक काढेल तर मी पहिली प्रत विकत घेईन.

माझ्या हातून एक चूक झाली, ती इथे लिहिते, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी ती होऊ नये. जुलै महिना होता. नातवाने नोहाच्या तारवाचं पान स्वतःच उघडलं, कारण त्यावर जिराफ आणि हत्ती होते. मी पुस्तकात होतं तसं वाचून टाकलं, ‘लोक वाईट वागत होते म्हणून देवाने पूर पाठवला आणि सगळे बुडाले.’ रात्री दोनच्या सुमाराला धो धो पाऊस लागला. खिडकीचे गज धरून नातू उभा होता. रडत नव्हता. मला म्हणाला, ‘आजी, आपण चांगले आहोत का?’

मी त्याला जवळ घेतलं, पण लगेच काही बोलता आलं नाही. मग दिवा लावला आणि उत्पत्तीचा आठवा अध्याय काढून त्याला हळूहळू सांगितला. नोहाने आधी कावळा सोडला. मग कबूतर सोडलं, त्याला पाय टेकायला जागा मिळाली नाही, म्हणून ते परत आलं. नोहाने हात बाहेर काढून त्याला आत घेतलं. सात दिवसांनी ते पुन्हा गेलं आणि संध्याकाळी परत आलं तेव्हा चोचीत जैतुनाचं कोवळं पान होतं. ‘हात बाहेर काढून आत घेतलं’ हे त्याने माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. पहाटे कधीतरी झोप लागली.

तेव्हापासून माझं मत असं झालं आहे की पाच वर्षांच्या आतल्या मुलाला जलप्रलयाची गोष्ट सांगू नये. प्राणी गोंडस असले आणि प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेच असले तरी सांगू नये. ती गोष्ट खोटी गोड करून सांगण्यापेक्षा दोन वर्षं थांबलेलं बरं. तोवर येशूने सांगितलेले दाखले आहेत, जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन आलेला मुलगा आहे, वादळात उशी घेऊन झोपलेला येशू आहे. याईराची बारा वर्षांची मुलगी आहे. ती मेलेली असते, आणि तिला परत उठवल्यावर येशू काय सांगतो, तर हिला काहीतरी खायला द्या. नातवाला ती गोष्ट रोज हवी असते, आणि तिने काय खाल्लं हे तो रोज नवीन सांगतो. काल तूप-मेतकूट-भात होता.

याच गोष्टीवरून त्याने एकदा विचारलं की येशूने आजोबांना का नाही उठवलं. त्यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. मी म्हटलं, ‘मला माहीत नाही रे सोन्या. मीही विचारते त्याला.’ एवढंच सांगितलं आणि त्याला ते पुरलं. पुस्तकात नसलेलं उत्तर आपण घाईने बनवू नये, असं मला वाटतं.

मुलगा मला म्हणतो, ‘आई, इंग्रजीतली पुस्तकं सुंदर आहेत, त्याला कळतातही, तू कशाला एवढा त्रास घेतेस?’ खरं आहे, इंग्रजीत पुष्कळ आहे. नातू इंग्रजी शाळेत जातो, तिथल्या नाताळच्या नाटकात तो मेंढरू झाला होता आणि ‘मेंजर’ हा शब्द त्याला येत होता. पण त्याचा अर्थ त्याला गव्हाणीत हात घातल्यावर कळला. शिवाय रात्री झोपताना आम्ही प्रार्थना म्हणतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ भाकर हा शब्द त्याला ब्रेडवरून समजावून द्यायची वेळ माझ्या हयातीत तरी येऊ नये.

म्हणून दोन विनंत्या. मराठी बालपुस्तकं काढणाऱ्यांनी, ख्रिस्ती असोत वा नसोत, या गोष्टी मराठीतूनच लिहून घ्याव्यात, गावाकडे राहिलेल्या माणसाकडून, आणि छापण्याआधी चार-पाच वर्षांच्या दोन-तीन पोरांना वाचून दाखवाव्यात. दुसरी विनंती आपल्याला. नाताळला आपली बालपुरवणी निघते, तीत सांताक्लॉजचं रंगवायचं चित्र असतं आणि केकची कृती असते. दोन्ही असू द्या, नातू चित्र रंगवतो. त्यांच्याबरोबर यंदा एक गोष्टही छापावी. ख्रिस्ती नसलेली मुलंही ती आनंदाने वाचतील, जशी माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरांनी सगळ्यांच्या गोष्टी ऐकल्या. रूथच्या सरव्याची गोष्ट मी चारशे शब्दांत लिहून ठेवली आहे. नातवाला वाचून दाखवली तेव्हा तो दोन ठिकाणी अडला, तिथे बदल केला आहे. आपण कळवलंत तर पोस्टाने पाठवते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
(ता. नेवासा, जि. अहिल्यानगर, सध्या मुक्काम पुणे)